होरेसचा हरवलेला हिवाळा

होरेस पेनफोल्डचं रान सात तुकड्यांचं. दर हिवाळ्यात एका तुकड्यातली हेझलची झाडं बुंध्याशी तोडायची, खुंटांना फुटवे येऊ द्यायचे आणि सात वर्षांनी कोयता घेऊन पुन्हा तिथंच हजर व्हायचं. फुटव्यांचे सरळ सोट होत, त्यांचे तो मेंढ्यांच्या आडोशासाठी कूड विणी. ससेक्सच्या त्या गावात कुणाच्या लग्नाला किती वर्षं झाली यावर वाद पेटला, की होरेसला गाठत. त्या वर्षी कुठला तुकडा तोडला ते आठवून तो सांगे.

यंदा पाळी ओढ्याकाठची. मध्ये पाय मोडून तो एक हिवाळा घरी बसला होता, म्हणजे इथले सोट आठ वर्षांचे असणार. त्यानं एक तोडला, कापावरची वलयं मोजली. सात. चष्मा पुसून मोजली. सातच. शेजारच्या, ओकखालच्या तुकड्यातला तोडला. तोही सात.

दोन तुकडे एकाच हिवाळ्यात तोडायला चार हात लागतात. होरेसला दोनच, त्यातही डावा खांदा कुरकुरणारा. थोरल्या भावाची सुरुवात अशीच झाली होती. आधी आकडे चुकले, मग माणसं.

कुंपणापलीकडून सिड टपेननं हाक मारली. "काय रे, झाडाची शिकवणी घेतोयस?"

"सिड, हे मोज."

"सात."

"आणि हे?"

"सात. बक्षीस काय?"

"एक आठ हवं होतं."

"मग झाडाला रागव. मला काय सांगतोस."

घरी चहात होरेसनं दुसऱ्यांदा साखर घातली, तेव्हा बायको मेबल म्हणाली, "बोल आता."

त्यानं दोन्ही सोटांच्या कापलेल्या चकत्या टेबलावर ठेवल्या. "सात वर्षांपूर्वी मी काय करत होतो?"

"मी दवाखान्यात होते. सहा आठवडे."

"ते ठाऊक आहे. मी रोज यायचो."

"यायचास. भेटायची वेळ दोन ते तीन. उरलेला दिवस?"

त्या सहा आठवड्यांतलं होरेसला फक्त दवाखान्याचं घड्याळ आठवत होतं.

"केसांत काटक्या, तळव्यांना फोड," मेबल म्हणाली. "सिस्टर म्हणायची, यांनाच दाखल करा."

"म्हणजे मी एकाच हिवाळ्यात दोन तुकडे तोडले? आणि मला पत्ता नाही?"

"तुझं डोकं तेव्हा जागेवर नव्हतं. आता आहे, म्हणून तर मोजतोयस. तो काढा टाकून दे, दुसरा चहा करते."

होरेस हलका झाला आणि लगेच पुन्हा गोंधळला. "मग आधी कुठला तोडला? यंदाही तोच आधी हवा."

"मला काय माहीत, मला गुंगी दिलेली." तिनं किटली चुलीवर ठेवली. "पहिल्या दिवशी मात्र तू गुडघाभर चिखलात आलास. दारातच बूट काढायला लावले तुला."

चिखल म्हणजे ओढा. ओकखालचा पुढच्या हिवाळ्यात; तोवर एक वर्ष जाड होईल, होऊ दे. दुपारी होरेसनं ओढ्याकाठी कोयता चालवला. पहिला सोट पडल्यावर, सिडकडे पाठ करून, त्यानं वलयं मोजलीच.

सात. आता बरोबर होती.