गच्चीवरचा प्लग

गच्चीवर प्रेशर गेजचा काटा साडेनऊ किलोवर होता. टाकी कंपनीत तपासलेली दहा किलोपर्यंत. आणि तिला खेटून खुर्ची टाकून शेजारचे अण्णा ऊन खात पेपर वाचत होते.

ही भिंगारमधली आमचीच सहा फ्लॅटची बिल्डिंग. हीट पंप बसवणं माझं काम, म्हणून इथलाही मीच बसवला. हीट पंप म्हणजे उलटा फ्रीज. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, गीझरपेक्षा बरीच कमी वीज घेतो. आता पाचशे लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर नेलं की साडेसात लिटरने फुगतं. बंद टाकीत त्याला जागा नसते. म्हणून सात किलोला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. जास्तीचं पाणी तो थेंबथेंब बाहेर टाकतो.

त्या व्हॉल्व्हच्या तोंडात टेफलॉन टेप गुंडाळलेला प्लग, म्हणजे बूच, घट्ट बसवलेला होता.

"अण्णा, उठा तिथून."

"का वो? तुमचा व्हॉल्व्ह गळत हुता, सकाळी म्याच प्लग मारला. रोज अर्धी बादली पानी वाया! आमच्या खर्डा गावाकडं हंडाभर पान्यासाठी टँकरमागं पळाया लागायचं, सायेब."

अण्णा गॅरेजमधून रिटायर झालेले मेकॅनिक. प्लग पक्का बसला असणार.

मी मेन स्विच पाडला. काटा तिथेच. प्लग खोलावा तर कढत पाणी तोंडावर. पाणी सोडायचा कॉक अण्णांच्या खुर्चीमागे. खाली बायकोला फोन लावला.

"बाथरूमचा गरम नळ पूर्ण सोड. हात लांब ठेव."

"अहो, आंघोळ झाली ना तुमची?"

"आधी सोड!"

"थांबा, गॅस बारीक करते."

मी सेकंद मोजू लागलो. अण्णांनी पेपरची घडी घातली. गुडघे धरून उठले. मग खुर्ची उचलायला पुन्हा वाकले.

"खुर्ची राहू द्या!" मी ओरडलो.

चौदाव्या सेकंदाला काटा हलला. आठ. पाच. तीन.

"काय झालं असतं?" अण्णांनी विचारलं.

"टाकीचा जोड फाटला असता. सगळं गरम पाणी तुमच्या पाठीवर."

ते पुन्हा त्याच खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ह्ये आधी का न्हाई सांगितलं?"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तासभर युनिट आणि बिल समजावलं होतं. थेंबांबद्दल अवाक्षर नाही.

आता कुठेही पंप बसवला की व्हॉल्व्हखाली आधी बादली ठेवतो आणि ती रोज अर्धी तरी भरलीच पाहिजे, असं सांगतो. आमच्याकडची बादली अण्णा कढीपत्त्याला घालतात. ती कोरडी दिसली, की जिन्यातूनच हाक येते, "सायेब, आज गळंना!"

मी जेवण सोडून वर जातो.