धाकट्या मास्तरांचा रविवार

धाकटे मास्तर कुणालाही सरळ टोकन देत नसत. खिडकीशी जाऊन पैसे पुढे केले की ते आधी विचारत, "गाडी कोणती?" आपण गाडी सांगायची. मग ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, स्टेशनाच्या बाजूला जरा कान देत आणि मगच खेळायला द्यायचं की नाही ते ठरवत. गाडी जवळ आलेली असली तर टोकन मिळत नसे, कितीही गयावया करा. "गेम उद्या बी हाय. गाडी सुटली तर घरची जेवायची थांबतीन," असं म्हणून पैसे परत सरकवत. चालत आलेल्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

पूर्णा जंक्शनला गाडी बदलायची म्हणजे वाट बघणं आलंच. ज्यांना फलाटावर बसून कंटाळा यायचा ते बाहेर पडून डाव्या हाताच्या पत्र्याच्या दुकानात शिरायचे. आत व्हिडिओ गेमची मशीनं भिंतीला लागून उभी: मारामारीचं, विमानाचं, मोटारगाडीचं. प्रवासी, ड्युटी संपलेले ड्रायव्हर, गार्ड, सगळे तिथे खांद्याला खांदा लावून बटनं बडवत असायचे. दुकानाच्या मालकाला गाड्यांची एवढी काळजी, म्हणून रेल्वेवाल्यांनीच त्यांना धाकटे मास्तर हे नाव पाडलं. थोरले, म्हणजे खरे स्टेशनमास्तर, बदलीने येत आणि बदलीने जात. धाकटे तिथंच होते.

मी पूर्णेच्या एका शाळेत नवा कारकून म्हणून लागलो होतो आणि राहायला पिंगळीला होतो. संध्याकाळची पॅसेंजर कधी वेळेवर आली असेल तर ती माझ्या सुट्टीच्या दिवशी. पहिल्यांदा त्या दुकानात गेलो ते पंख्याखाली उभं राहायला. दुसऱ्यांदा गेलो ते खेळायला, आणि मग जातच राहिलो.

मास्तरांचं लाडकं मशीन मात्र व्हिडिओचं नव्हतंच. अगदी शेवटी, कोपऱ्यात, काचेच्या झाकणाचं एक उताराचं टेबल होतं. स्प्रिंग ओढून सोडली की पोलादी गोळी वर जायची, दिव्यांवर आणि रबरांवर आपटत खाली यायची, आणि खाली दोन बाजूंच्या दोन बटनांनी तिला परत वर टोलवायची. आम्ही त्याला गोळीवालं म्हणायचो. मास्तरांनी ते हैदराबादच्या कुठल्याशा प्रदर्शनातून मोडक्या अवस्थेत आणलं होतं. त्याची रबरं मिळायची बंद झाली तेव्हा ते मोटारसायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बसवायचे. गोळी आपल्या मनासारखी जावी म्हणून लोक मशीनला धक्के द्यायचे. थोडा धक्का चालायचा, पण जास्त झाला की सगळे दिवे एकदम जायचे आणि डाव संपायचा. नवख्याला मास्तर आधीच बजावून ठेवायचे, "हलवायचं, पन चिडवायचं न्हाई." आमच्याबरोबर नेहमी खेळणारे एक गार्डसाहेब होते, त्यांनी पुढे हे वाक्य आपल्या वरिष्ठांच्या बाबतीत वापरायला सुरुवात केली आणि नोकरीभर त्यांचं चांगलं भागलं.

बोलायची त्यांची एक रीत होती. आपण खेळत असलो की ते बाजूला येऊन उभे राहायचे. नजर गोळीवर, आपल्याकडे नाही. आणि मग हळूच, घरी कसं काय चाललंय, असं विचारायचे. आपलीही नजर गोळीवर, त्यामुळे जे तोंडासमोर बोललो नसतो ते सहज निघून जायचं. लग्नाची बोलणी, भावाशी आलेलं वितुष्ट, शाळेतली भांडणं, सगळं मी त्या माणसाला काचेकडे बघत सांगितलं आहे. सल्ला फारसा मिळायचा नाही. "बरं," म्हणायचे आणि थोड्या वेळाने परत, "बरं." त्या दोन शब्दांत काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण घरी जाताना हलकं वाटायचं.

माझे वडील गेले तेव्हा तेरावं उरकून मी कामावर आलो. संध्याकाळी पाय आपोआप दुकानाकडे वळले. खिडकीशी उभा राहिलो आणि गाडीचं नाव काही तोंडातून निघेना. मास्तरांनी त्या दिवशी विचारलंही नाही. खिडकीतून उठून बाहेर आले, गोळीवाल्याजवळच्या दोघांना बाजूला केलं आणि म्हणाले, "आज ह्याला खेळू द्या." मी किती वेळ खेळलो कुणास ठाऊक. माझ्या दोन गाड्या गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला त्या जाऊ दिल्या. एवढं माणसाने माणसाचं केलं की पुढे हिशेब ठेवायचा नसतो. त्याचाच त्रास आम्हाला पुढे झाला, पण ते नंतर.

मग मोबाइल आले. जंक्शनवर उतरलेला माणूस मान खाली घालून अंगठ्याने खेळू लागला आणि पत्र्याच्या दुकानाकडे बघायचंच विसरला. माझी बदली परभणीला झाली. गार्डसाहेब निवृत्त होऊन पूर्णेतच स्थायिक झाले. आमच्यातला तिसरा दिलीप. रेल्वेच्या ठेकेदाराकडे वायरमन होता तेव्हापासून तो दुकानात यायचा. तोही चारठाण्याला आपल्या गावी परतला. तिथे त्याने पंपांच्या जळक्या मोटारी बांधायचं दुकान टाकलं. मशीनं एकेक करून बंद पडली. विमानाचं आधी गेलं, मग मारामारीचं. गोळीवालं तेवढं चालत राहिलं.

एके दिवशी गार्डसाहेबांचा फोन आला, की मास्तर दिवाळीनंतर दुकान बंद करायचं म्हणताहेत. मला चैन पडेना. दिलीपलाही कळवलं. आम्ही तिघांनी ठरवलं, की मास्तरांचं दुकान असं ओस पडून बंद होऊ द्यायचं नाही. निदान रविवारी तरी तिथे माणसं दिसली पाहिजेत. रस्त्यावर माणूस आडवा झाला की आपण जसे धावतो, तसेच धावलो. तो नुसता झोपलेला असेल, असं आपल्या मनात येत नाही.

तर आम्ही जाऊ लागलो. दिलीप चारठाण्याहून एसट्या बदलत यायचा. मी परभणीहून गाडीने. खिडकीत मास्तर विचारायचे, "गाडी कोणती?" आणि आम्ही बिनदिक्कत थापा मारायचो. नांदेडला चाललोय, मधे वेळ होता म्हणून आलो. ज्या माणसाला जंक्शनच्या सगळ्या गाड्या तोंडपाठ, त्याला आम्ही गाड्यांच्या थापा मारत होतो. एकदा तर मी रविवारी न धावणारी गाडी सांगितली. मास्तर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि टोकन पुढे सरकवलं.

दिवाळी झाली. दुकान बंद झालं नाही. गार्डसाहेब खुशीत म्हणाले, बघा, आपण वाचवलं. संक्रांत झाली, पाडवा झाला. आता खरं सांगायचं तर आम्ही बेजार झालो होतो. पन्नाशी उलटलेली माणसं आम्ही. मी शाळेत, दिलीपने दुकानात आठवडाभर मान मोडायची आणि रविवारी, घरातली कामं टाकून, गाडीत उभं राहून पूर्णेला जायचं, कशासाठी, तर गोळी टोलवायला. गार्डसाहेबांची कंबर धरायची. दिलीपच्या बायकोने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. माझी बायको म्हणायची, "मजा हाय बाबा तुमची, दर रविवारी खेळायला जायलाव." मजा कसली, त्यात एका डावाचाही आनंद नव्हता. पण पाळी चुकवायला कुणी तयार नव्हतं. आपण गेलो नाही आणि मास्तरांनी त्याच रविवारी कुलूप लावलं तर, ही भीती.

चैत्रातल्या एका रविवारी मी पोचलो तर खिडकीत मास्तर नव्हते, काकू बसल्या होत्या. मास्तरांच्या पत्नी, त्यांना मी एरवी चहा आणून देतानाच पाहिलेलं. मास्तर कुठेत, असं विचारलं तर त्यांनी आत बोट दाखवलं. मशीनांच्या मागे सतरंजीवर मास्तर झोपले होते, डोळ्यांवर ओला रुमाल. काकू हळू आवाजात सांगू लागल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. नांदेडला मुलीने दवाखाना ठरवून ठेवलाय, पार दिवाळीच्या आधीपासून. घरही त्यांच्यासाठी रिकामं केलंय. परवा दिसलं नाही म्हणून उघड्या वायरीला हात लागला, थोडक्यात निभावलं. मी म्हणालो, मग जात का नाहीत?

"तुमच्यापायी," काकू म्हणाल्या. "मी रोज म्हनते, बंद करा. तर म्हनतेत, पोरं लांबून येतेत रविवारी. त्याइला दुसरं हाय कोन? दुकान बंद केलं तर कुटं जातीन?"

मी टोकनाच्या खिडकीला टेकून उभा राहिलो. पाय थकले होते, आणि आता बाकीचाही थकलो. आम्ही त्यांच्यासाठी येत होतो आणि ते आमच्यासाठी उघडत होते. दोन्ही बाजूंनी नुसती माया, आणि त्या मायेत एका माणसाचे डोळे चालले होते.

आत जाऊन सतरंजीजवळ बसलो. मास्तर आवाजाने जागे झाले, घाईघाईने उठू लागले, खेळा, खेळा, मशीन चालू करतो म्हणाले. तुम्ही दुकान बंद करा, असं म्हणायचं मनात ठरवून गेलो होतो. ते शब्द काही मला उच्चारता येईनात. ज्या माणसाने माझ्यासाठी दोन गाड्या जाऊ दिल्या, त्याला कुलूप लाव कसं म्हणणार? मग जे खरं होतं तेच बोललो.

"मास्तर, मी दमलोय. मला आता दर रविवारी येणं होत नाही."

उठता उठता ते परत सतरंजीवर बसले. मला वाटलं, दुखावले. बाहेर कुठल्यातरी गाडीचा भोंगा झाला आणि पहिल्यांदाच त्यांनी घड्याळाकडे मान वळवली नाही.

"आन् दिलीप?" त्यांनी विचारलं.

"तोही दमलाय. गार्डसाहेबांची तर कंबर गेलीय."

"मंग मी कुनासाठी उघडायलोय?" मास्तर म्हणाले. रागाने नाही. ओझं उतरवून खाली ठेवावं तसं म्हणाले. मग रुमाल पिळला, घडी घातली आणि काकूंना हाक मारली, की नांदेडला पोरीला फोन लाव.

पुढचं भराभर झालं. व्हिडिओची मशीनं भंगारवाल्याने नेली. गोळीवाल्यासाठी एक तरुण माणूस मोठ्या शहरातून आला. तिकडे त्याचा बिअर बार होता आणि त्याला भिंतीशी उभ्या करायला जुन्या वस्तू हव्या होत्या. मास्तर त्याला रबरं कशी बदलायची ते सांगू लागले, तर तो म्हणाला, चालायची गरज नाही काका, फक्त जुनं दिसलं पाहिजे. मास्तर आमच्याकडे वळून म्हणाले, "नुसतं जुनं दिसायला तर आपुन बी हावोत की." आम्ही हसलो, पण मशीन टेम्पोत चढताना एकालाही तिकडे बघवलं नाही. टेम्पो गेल्यावर तिथल्या फरशीवर एक उजळ चौकोन राहिला. काकूंनी तेवढ्यावरच झाडू मारला आणि मास्तरांनी पत्र्याचं दार ओढून घेतलं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. त्याचबरोबर पुढचा रविवार मोकळा आहे हेही मनात आलं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर महिन्याभराने मी नांदेडला त्यांना भेटायला गेलो. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट बंद. धापा टाकत दारात पोचलो. मास्तर काळा चष्मा लावून खिडकीजवळ बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि जवळ बोलावलं. आजवर आमच्या नजरा कायम काचेवर, खालच्या गोळीवर. समोरासमोर असे आम्ही कधी बसलोच नव्हतो. त्यांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"केस पांढरे झाले की रे सगळे," ते म्हणाले. "गालफडं बी बसले. मला वाटायचं, तू आजून शाळंत नवा लागलेला हायस."

मी म्हणालो, मास्तर, मला रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिलीत. गार्डसाहेब तर केव्हाच आजोबा झाले.

ते हसायला लागले. "आसल्या म्हाताऱ्याइला पोरं पोरं म्हनून मी दुकान उघडत बसलो व्हय," असं म्हणत हसत राहिले. काकू आतून ओरडल्या, की डोळ्यांना पाणी येऊ देऊ नका, डॉक्टरनं सांगितलंय. त्यांनी हसू आवरलं आणि डोळ्यांतून पाणी यायचं ते आलंच. ते पुसायची परवानगी नव्हती, म्हणून तसंच गालावरून खाली येऊ दिलं. मग बाजूची खुर्ची हाताने माझ्याकडे ओढली.

"बस," म्हणाले. "लय दमला आसशील."