बासष्टाव्या वर्षी नऊ वर्षांची

लोरेनला मी पहिल्यांदा पाहिलं ते सौदी अरेबियातल्या थुवालला, आमच्या विद्यापीठाच्या कॅम्पसवरच्या सुपरमार्केटात. उंच, रुपेरी केसांची ही अमेरिकन बाई टोमॅटो निवडता निवडता दोन आवाजांत स्वतःशीच भांडत होती. माझी नऊ वर्षांची सई किंचाळलीच, "आई, दॅट्स द स्क्विरल!" तिच्या लाडक्या कार्टूनमधली खारूताई साक्षात समोर उभी होती!

नवरा इथे प्राध्यापक, म्हणून ती आलेली. त्याआधी तीस वर्षं अभिनय. मालिकांत नर्स, न्यायाधीश, खुन्याची आई. चाळिशीनंतर पडद्यावरची कामं आटली, तेव्हा तिनं कार्टूनसाठी गळा कामाला लावला. उंदीर, चेटकीण, रडकं बाळ, काय वाट्टेल ते. "चेहऱ्याचं वय लोक मोजतात," ती म्हणायची. "गळ्याचं मोजून दाखवा म्हणावं!"

इथे मात्र चार वर्षं काहीच काम नव्हतं. मग जेद्दाच्या एका स्टुडिओनं कार्टूनपटातल्या आजीच्या इंग्रजी आवाजासाठी तिला बोलावलं. गाडी मी चालवली. ती वाटभर आवाज मोकळा करायला घोड्यासारखे ओठ फुरफुरवत होती.

आजी पाच मिनिटांत झाली. "खलास, मॅडम!" दिग्दर्शक फैसल खूश.

"खलास कसलं? आता नातीचे संवादही वाचते."

"त्यासाठी आम्ही तरुण मुली बघतोय."

"मग डोळे मीट."

तिनं बूट काढले, पावलं आत वळवून उभी राहिली आणि विहिरीत पडलेल्या करडाला हाका मारू लागली. तिसऱ्या हाकेला आवाज फाटला. खोकल्याची उबळ आली. ती घोटभर पाणी प्यायली. "यल्ला, चला, पुन्हा."

या वेळी काचेपलीकडे खरोखर नऊ वर्षांची पोर रडत होती. संपल्यावरही फैसलनं डोळे उघडले नाहीत. तसाच म्हणाला, "दोन्ही तुमच्याच."

मी खुर्चीतून उडालेच!

सिनेमा लागला तेव्हा लोरेन आणि तिच्या नवऱ्याचं सामान कॅलिफोर्नियाला जाण्यासाठी बांधून झालं होतं. दुपारच्या खेळाला सईसह आम्ही तिघी गेलो. करडू वर आलं, तशी सगळी मुलं उभी राहून ओरडायला लागली. दिवे लागल्यावर पुढच्या रांगेतली चिमुरडी आईला विचारत होती, "ती मुलगी कुठल्या शाळेत जाते?"

मी सांगायला पुढे झुकले, तर लोरेननं माझं मनगट धरलं.

"नको," ती कुजबुजली. "मला अजून थोडा वेळ शाळेत राहू दे."