उजव्या कानातली गर्दी

नांदेडच्या एका हॉटेलाच्या तळमजल्यावर क्लब निघाला तेव्हा त्यांना कायमचा डीजे हवा होता आणि मला वरातींपासून सुटका हवी होती. वरातीतला डीजे म्हणजे टेम्पोतल्या खोक्यांमागे बसलेला घामाघूम माणूस. नवरदेवाचा मामा येऊन तेच गाणं परत लावायला सांगतो आणि आपण ते लावतो. हॉटेलचं बघणाऱ्या भाईंनी एकच अट घातली. "खाली गाने नक्को, मियाँ. पब्लिक की आवाज होना. नाचती के भाग जाती, समझना होना."

म्हणजे चालू कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, गर्दीसकट. ते जमलं तर नांदेड, नाही तर आयुष्यभर मामा.

आमच्या लातुरात त्या काळी गर्दी होती ती कोचिंग क्लासेसची. कुठेही पत्र्याची शेड टाकली की तीत मुखेडपासून निलंग्यापर्यंतची पोरं येऊन फिजिक्स करत बसायची. अशाच एका क्लासच्या सरांनी निरोप समारंभाला मला बोलावलं. जागा म्हणजे पत्ते आणि बॅडमिंटनचा एक जुना क्लब. वेळ दुपारची, कारण संध्याकाळी पोरांची टेस्ट होती. निरोपाच्या दिवशीसुद्धा टेस्ट ठेवणाऱ्या माणसाकडून मी नाचाची अपेक्षा केली, यात चूक माझीच.

सामानाचा टेम्पो अण्णा, म्हणजे माझे वडील, चालवायचे. आमचं गाव निलंग्याकडचं. भूकंपाच्या पहाटे मी आईबरोबर आजोळी होतो. घरी अण्णा आणि माझा थोरला भाऊ. जमीन हलली तसे अण्णा झोपेतून उठून बाहेर पळाले. मागे वळून बघेपर्यंत आत जायला दार राहिलं नव्हतं. भाऊ आतच गेला. हे मला गावातल्या लोकांनी सांगितलं. अण्णा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हापासून त्यांची एक सवय. जिथे बसतील तिथे तांब्या उपडा ठेवायचा आणि त्याच्या बुडावर स्टीलचा पेला, अर्धा बाहेर. जमीन जरा हलली की पेला पडून वाजणार. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी हे चालायचं. पुढे लोकांनी तांब्यात पाणी भरायला सुरुवात केली. अण्णांनी नाही. फक्त टेम्पोत ते हा जोड मांडत नसत, कारण आमच्या रस्त्यांवर भूकंप कायमचाच होता.

क्लबात त्यांनी दाराजवळच्या स्टुलावर जोड मांडला. मला त्याची लाज वाटली. मी पंख्याच्या एका रिकाम्या हुकाला सुतळीने माइक बांधत होतो. मिक्सरमधली गाणी डाव्या बाजूला आणि माइकमधली गर्दी उजव्या बाजूला रेकॉर्ड करायची, नंतर दोन्ही मिसळायची, असा बेत होता.

गाणी सुरू झाली. पोरं रांगेत उभी. सर पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मी माइकवरून म्हणालो, "लातूर, आवाज पायजे." सगळे एका सुरात म्हणाले, "येस सर."

पुढचा बराच वेळ उजव्या बाजूला पंख्याची घरघर आणि दोन मुली आहेत. त्या कालच्या पेपरातल्या एका उत्तरावरून भांडताहेत. माझं नांदेड हातचं जात होतं. शेवटी मी हेडफोन घट्ट बसवले, मान खाली घातली आणि बेस पूर्ण उघडला. खिडक्यांची तावदानं थरथरली. स्टुलावरचा पेला पडला.

"हालायलंय, भायेर पळा," अण्णा ओरडले.

आमच्या भागात यावर कोणी 'काय झालं' असं विचारत नाही. ती पोरं भूकंपाच्या वेळी शाळेत नुकती जायला लागलेली होती. सगळा हॉल किंचाळत दाराकडे धावला. सर सर्वांत पुढे. मला यातलं काही कळलं नाही, मी गाणं जुळवत होतो. मान वर केली तेव्हा हॉल रिकामा होता आणि अण्णांनी माझं मनगट धरलेलं होतं. त्यांनी मला ओढत अंगणात नेलं. जमीन जागच्या जागी होती. आत माझं गाणं धाडधाड वाजत होतं.

"बेस हाय तो, अण्णा," मी चिडून म्हणालो. पोरं हसायला लागली. अण्णा आत गेले आणि पेला उचलून आणला.

घरी रेकॉर्डिंग ऐकलं. दोन्ही बाजू मिसळल्या की कुणालाही वाटेल, गाणं चढलं आणि पब्लिक बेभान झालं. मी ते तसंच नांदेडला नेलं. भाई ऐकून उठून उभे राहिले. "क्या पब्लिक है. जान देके चिल्लाती." मी मान हलवली. काम मिळालं. "बस, बीच में वो एक बुड्ढा चिल्लाता, उसको काट," ते म्हणाले.

त्यांच्या प्रतीतून मी ते काढलं.

नांदेडला निघायच्या आधी अण्णांच्या कानांवर हेडफोन लावले आणि गाणी बंद करून नुसती उजवी बाजू लावली. मागे बेस धडधडतो, पेला पडतो. ते ओरडतात. धावणारी पावलं दाराकडे जातात, अण्णांचा आवाजही त्या पावलांबरोबर दूर जातो. मग तोच आवाज परत फिरून आत येतो, सगळ्यांना ढकलत. "सोडा मला. पोरगं हाय माझं आत."

अण्णांनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"मी आत आल्तो?"

"हाव. आल्ते."

"समदे भायेर जात हुते तवा?"

"हाव, अण्णा."

त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"परत लाव," ते म्हणाले. मी लावलं.