पाळीवरचं भाषण

"माह्याविषयी बोलू नको, माह्यासंग बोल." भागीरथाबाई ढिवर हे कोणालाही ऐकवायची. मासळी नासकी म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला, पाटलाला, आणि नवऱ्याला, खुशालला, तर रोजच.

सन छप्पनच्या उन्हाळ्यात गोंडपिपरीकडच्या आमच्या गावचा तलाव ठेकेदाराला द्यायचं घाटत होतं. तलाव गेला असता तर मासळीवर जगणाऱ्या आम्हा ढिवरांच्या चुली विझल्या असत्या. पण तलाव एकट्या ढिवरांचा नव्हता. वरच्या टोल्यावरचे, चढावरच्या वस्तीतले गोंड दरसाल पाळ, तलावाचा मातीचा बांध, लिंपत. त्यांच्या म्हाताऱ्या जंगूनं पाळीवर मातीचं पहिलं ढेकूळ ठेवल्याशिवाय आमचं जाळं पाण्यात उतरत नसे. सरकारी साहेब पाहणीला येणार, दोन्हीकडचे लोक एकजुटीनं दिसले तर ठेका थांबणार, असं कळलं. तेव्हा भागीरथाबाईच जंगूच्या अंगणात जाऊन बसली आणि अख्खा टोला घेऊन पाळीवर आली.

साहेब यायच्या आधी चांद्याचे पुढारी भैयाजी बोलायला उभे राहिले. गळ्यात हार, आवाज मोठा. "अरे, हे काळे, चपट्या नाकाचे जंगली लोकसुद्धा आले, मंग तुम्ही शहाणे काऊन भेता?"

आमचे लोक हसले. मीही हसलो.

जंगूनं हातातली ओली माती खाली टाकली. धोतराला हात पुसले अन् उठला. त्याच्या मागं टोला उठला. सगळे चढणीला लागले.

"भैयाजी, जा, त्यायले परत आणा," भागीरथाबाई म्हणाली.

"मस्करी होती बाई. तलावाचं पाहू आधी."

"तुमच्या मस्करीत तलाव बुडला न! आता कोण पायते त्याच्याकडं?"

खरंच होतं. साहेबांची जीप आली तेव्हा त्यांनी पाणी पाहिलं नाही, पाळ पाहिली नाही. चढणीवरून परतणारे गोंड पाहून पहिलाच सवाल, "ते लोक का गेले?"

भैयाजी घाईनं म्हणाले, "जाळं टाका, साहेबांना दाखवा."

खुशाल पुढं झाला. भागीरथाबाईनं जाळ्यावर पाय दिला. "टाकाचं नाई. त्यायच्या मातीबिगर नाई. ठेकेदार नेईन तर नेऊ दे. साहेब, ते गेले, कारण आमी हासलो. लिवून घ्या."

"काकू, थांब, आपलीच पोरं उपाशी मरतीन," कोणीतरी ओरडलं.

"मरतीन त मरतीन, पण मान खाली घालून नाई," म्हणत तिनं पदर खोचला आणि टोल्याची चढण धरली. साहेब जीपमध्ये न बसता पाहत राहिले. खुशालनं जाळं खाली ठेवलं. वर मोहाच्या झाडाखाली जंगू थांबला होता. तोही पाहत होता.