दादानं जोडलेला कंप्युटर

त्या काळ्या पडद्यात आमचे चार चेहरे दिसत होते... माय, बाबा, दादा आणि मी. डब्याच्या आत पंखा घरघरत होता, समोरचा हिरवा दिवा लागलेला होता, तापलेल्या धुळीचा आणि झेंडूच्या पाकळ्यांचा मिसळलेला वास पत्र्याच्या खोलीत भरून राहिला होता. पण पडदा काही उजळत नव्हता. खंडेनवमीची सकाळ होती. आदल्या दिवशीच त्याच पडद्यावर दादानं मला माझं नाव टाईप करून दाखवलं होतं – मुक्ता – आणि ती अक्षरं मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

आमची वस्ती धारूरच्या डोंगराखाली. बारावीनंतर दादा वर्षभर माजलगावच्या एका दुरुस्तीच्या दुकानात राबला, आणि तिथं मोडीत निघालेले तुकडे एकेक करून घरी आणत राहिला. कुठला पंखा, कुठली हार्डडिस्क, कुठल्या बंद पडलेल्या यंत्रातली रॅमची पट्टी... डब्याची एक बाजूच नव्हती, तिथं त्यानं प्लायवूडचा तुकडा तारेनं बांधला होता. त्या वर्षी बाबांनी त्याला एकच मुदत दिली होती. "दसरा झाला की मुकादमाची गाडी येईल. तवर तुझं मशीन नीट चाललं तर ऱ्हा गावात, भर लोकांचे फॉर्म. न्हाईतर चल आमच्यासंगं ऊस तोडायला." दादा 'बरं' म्हणाला होता. एवढंच.

खंडेनवमीला आमच्याकडं कामाच्या हत्यारांची पूजा होते. कोयते घासून, धुऊन पाटावर मांडायचे आणि धारेला ओल्या बोटानं हळदकुंकू लावायचं. जिथून काम होतं तिथंच लावायचं, मुठीला नाही, असं मायनं मला शिकवलं होतं. त्या सकाळी दादानं डबा उघडून सगळे भाग ब्रशनं झाडायला काढले होते. माय म्हणाली, "त्याचंबी ठिव की पाटावर, तेबी हत्यारच हाय." दादा हसत रॅमची पट्टी कोयत्यांशेजारी ठेवून पाणी प्यायला गेला. पूजा माझ्याकडं होती. मी दहा वर्षांची. पट्टीच्या एका कडेला बारीक सोनेरी दात होते, ओळीनं, चकचकीत... हीच हिची धार, असं मला वाटलं. मी बोट ओलं केलं आणि त्या दातांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळदकुंकू ओढलं. मग जास्त झालं म्हणून फ्रॉकनं पुसलं. मला वाटलं, पुसलं गेलं.

दुपारी तेलगावचे कंप्युटर क्लासवाले सर आले. दादा स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला होता. त्यांच्या खिशाला दोन पेनं होती आणि अंगाला अत्तराचा उग्र वास. उन्हाचा चष्मा त्यांनी खोलीतही काढला नाही. अख्खी वस्ती दारात जमली होती. सरांनी बटण दाबलं, पडद्याकडं बघितलं, पुन्हा दाबलं. प्लायवूडला हातसुद्धा लावला नाही.

"कुणी जोडला बे हा?"

"म्या, सर."

"कोर्स कुठं केला?"

"कोर्स न्हाई केला."

"मंग बरोबर हाय. मदरबोर्ड गेला ह्याचा. कोयता धरायच्या हाताची कामं न्हाईत ही, बाळ्या."

दारात हशा पिकला. शेजारचे तात्या म्हणाले, "डबा मजबूत हाय पण. कोंबडी बसवा अंड्यावर." पुन्हा हशा.

आज मी संगणकाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. ठामपणे काही बोलायला मी अजून कचरते. पण हे बोलते. त्या माणसाला काहीही येत नव्हतं. पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि पडदा काळा आहे, तर आधी रॅम काढून बघतात – हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. त्याच्याकडं होता तो फक्त आवाज, आणि त्या आवाजापुढं मान डोलावणारी आमची वस्ती. त्याच्याविषयी मला रागही येत नाही. राग यायला समोरचा माणूस काही मापाचा असावा लागतो. अंड्यावर कोंबडी बसवणाऱ्या तात्यांना पुढं सहा महिन्यांतच त्याच सरांच्या फॉर्म भरायच्या केंद्राबाहेर, अर्जासाठी, उन्हात तास-तास उभं राहण्यात धन्यता वाटत होती. तीही मी बघितली.

पण सगळ्यात जास्त तिरस्कार मला त्या खोलीतल्या चौथ्या चेहऱ्याचा येतो. पडदा उजळला नाही तेव्हाच मला ते हळदकुंकू आठवलं होतं. आपणच काहीतरी केलं, हे कळत होतं. सरांनी मदरबोर्ड म्हटलं आणि मला चक्क हायसं वाटलं. मी मायच्या पदराआड उभी राहिले, गप्प. चार दिवसांनी गाडी आली. भांडी, पत्रे, सरपण, आणि त्यावर दादा... मी आजोळी राहिले.

गेल्या वर्षी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक यंत्र असंच काळं राहिलं. तिथल्या मॅडमनी रॅमची पट्टी उपसली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले, पुन्हा बसवली, आणि पडदा उजळला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मैत्रिणी पुढच्या कामाला लागल्या; मी मात्र रबराचा तो काळपट चुरा बघत राहिले.

त्या दिवाळीत घरी आले तेव्हा माय-बाबा, दादा-वहिनी सगळे ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. दादाचा कंप्युटर बांधून ठेवलेलं पोतं माळ्यावरून खाली काढलं. दातांच्या फटीत वाळलेला तांबूस थर अजून होता. मी रबर चालवलं. पट्टी बसवली. पडदा उजळला... घड्याळात भलतंच साल, आणि मधोमध दादानं केलेली दुकानाची पाटी, मोठ्या निळ्या अक्षरांत – 'येथे सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील'.

मी त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. कुंकवापासून. पलीकडं उसाच्या वाळल्या पाचटाची सळसळ ऐकू येत होती.

"मला म्हाईत होतं," दादा म्हणाला.

"काय?"

"पट्टी बसवताना हाताला कुंकू लागलं होतं की. सर गेल्यावर ते ध्यानात आलं."

"मंग कावून न्हाई काढून बघितलीस?"

त्यानं हातातला कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सर येऊन गेले आन् सगळे हसले ना, मुक्ते... मंग त्याला हातच लावू वाटंना." आणि लगेच, "चल, ठिवतो. मोळ्या भरायच्यात. तुझी वहिनी एकलीच लागलीय."