नर्सबाईंनी मागितलेली खोली

नर्सबाईंना 'जरा' हा शब्द चालत नसे. एखादा बाप पोराला घेऊन दारात उभा राहिला आणि "जरा ताप हाय, बाई," म्हणाला, की त्या थर्मामीटर झटकता झटकता विचारायच्या, "जरा म्हणजे किती रं? कधीपासून? घरी काय दिलंस?" त्यानं "काय नाय, जरा काढा पाजला," असं सांगितलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या. "वाटीभर पाजलास का तांब्याभर, ते तरी सांग. पोरगं हाय ते, बैल नाय." मी एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. 'थोडे बोल्ट संपलेत' आणि 'वॉशर बरेच आहेत' असली वाक्यं ऐकण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. अशा माणसाला नर्सबाई आवडल्या नसत्या तरच नवल.

कर्जतमधल्या आमच्या शाळेत तेव्हा पहिली ते दहावी मिळून सहाशे बारा मुलं होती. त्यातल्या चौऱ्याहत्तर मुली वसतिगृहात राहायच्या, बहुतेक डोंगरावरच्या वाड्यांमधल्या. या सगळ्यांना मिळून नर्स एक. तीही अकरा महिन्यांच्या करारावर. दर अकरा महिन्यांनी नर्सबाई दोन दिवस नर्स नसायच्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा व्हायच्या. ही जादू त्यांनी सलग सहा वर्षं करून दाखवली. त्या खालापूर तालुक्यातल्या, भातशेतीवाल्या घरातल्या. रोज स्कूटीवरून यायच्या. त्यांचा दवाखाना म्हणजे जिन्याखालची जागा: एक टेबल, एक बाकडं, एक पडदा. दहावीचा एखादा उंच मुलगा ताप घेऊन आला, तर जाताना टेंगूळही घेऊन जायचा.

माझी मुलगी तेव्हा आठवीत होती आणि मी शाळेच्या समितीवर होतो. समितीत आम्ही आठ जण. मुख्याध्यापक, संस्थेचे कार्यवाह, आणि माझ्यासकट सहा, ज्यांचं मुख्य काम चहा संपेपर्यंत बसणं.

कोरोनात बंद पडलेली शाळा पुन्हा उघडायची ठरली, तेव्हा नर्सबाईंना सर्व प्रकारचं पाठबळ द्यायचं असा आम्ही ठराव केला. पाठबळ आलंही. चौदा पोस्टर आली. त्यातली नऊ हात कसे धुवावेत याची होती. शाळेला नळ चार, त्यातले दोन चालू. ताप मोजायची दोन पिस्तुलं आली, पैकी एकात सेल नव्हता. दुसरं इतकं तल्लख होतं की पळसदरीकडून उन्हात चालत आलेल्या साऱ्या मुलांना त्यानं एका दमात तापकरी ठरवलं. नर्सबाईंनी मुलांना दहा मिनिटं झाडाखाली बसवलं आणि पुन्हा मोजलं. सगळी बरी झाली. "एवढ्या लवकर तर देवऋषीपण बरा करत नाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नियमच केला: आधी सावली, मग पिस्तूल. त्यामुळे फाटकापाशी रांग लांबते, अशी तक्रार मुख्याध्यापकांनी समितीकडे केली.

नर्सबाईंनी स्वतः मागितली होती एकच गोष्ट. फाटकाजवळची खोली. तिला बाहेरून वेगळं दार होतं, समोरासमोर दोन खिडक्या होत्या, लागून संडास होता. तापाचं मूल बाकीच्यांपासून वेगळं ठेवायला तालुक्यात शोधूनही याहून चांगली जागा सापडली नसती. अडचण एवढीच, की त्या खोलीत खुर्च्या राहायच्या.

"बाई, ती पाहुण्यांच्या खुर्च्यांची खोली आहे," कार्यवाह समजुतीच्या सुरात म्हणाले. "पाहुणे काय सांगून येतात का?"

"आणि ताप सांगून येतो का, साहेब?"

"बघू आपण. विषय घेऊ पुढच्या बैठकीत."

विषय पुढच्या बैठकीत घेतला गेला. त्याच्या पुढच्याही. घेण्यात आम्ही कधी कुचराई केली नाही.

दरम्यान पाठबळ चालूच होतं. शाळांमधल्या परिचारिकांसाठी एक ऑनलाइन कार्यक्रम झाला. शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते, म्हणून नर्सबाई मोबाइल धरून टाकीला टेकून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागे पोट दुखणाऱ्यांची रांग. मोबाइलमधल्या तज्ज्ञ बाई फार गोड बोलत होत्या. दीर्घ श्वास घ्या म्हणाल्या. स्वतःसाठी वेळ काढा म्हणाल्या. तुम्हाला कशाची गरज आहे ते लिहून कळवा, असंही म्हणाल्या. नर्सबाईंनी लिहिलं, 'एक खोली.' तिकडून उत्तर आलं, 'खूप छान!' आणि सोबत फुलाचं चित्र. शेवटी अभिप्रायाचा अर्ज आला. कार्यक्रम कसा वाटला, यासाठी तीन पर्याय होते: उपयुक्त, अतिशय उपयुक्त, अत्यंत उपयुक्त. नर्सबाईंनी मला तो दाखवला. "भाऊ, तुमी हिशोबी माणूस. यातला सगळ्यात कमी कुठला?"

मग त्यांचा सत्कार झाला. आता सत्कार म्हटला की पाहुणे आले, आणि पाहुणे म्हटले की खुर्च्या आल्या. त्यामुळे नर्सबाईंच्या गौरवासाठी ती खोली सकाळी नऊ वाजता संपूर्ण रिकामी करण्यात आली. पाहुणे भाषणाला उभे राहिले. या माउलीच्या सेवेचं ऋण आपण कसं फेडणार, असं त्यांनी विचारलं आणि माउलीकडे पाहिलं, तर माउलीची खुर्ची रिकामी. मी शोधायला गेलो. नर्सबाई खोलीत होत्या, शिवणाच्या बाईंकडून आणलेल्या टेपनं जमीन मोजत होत्या.

"नर्सबाई, अहो तुमचं नाव पुकारतायत."

"पुकारू दे. टोक धरा हो जरा त्या भिंतीला." 'जरा' हा शब्द त्यांनी स्वतःहून वापरलेला मी ऐकला तो तेवढाच. "अंतर ठेवून दोन खाटा मावतायत, भाऊ. आणि दाराशी माझं टेबल. वाराबी आरपार हाय."

त्यानंतर त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, फोटो काढला. त्यांचा चहा पिऊन व्हायच्या आत खुर्च्या पुन्हा आत गेल्या होत्या आणि दाराला कुलूप लागलं होतं.

जुलैतल्या एका सकाळी वसतिगृहातली नववीतली मुलगी खोकत खोकत जिन्याखाली आली. ताप एकशे एक पूर्णांक आठ. पडद्याला लागूनच शिक्षकांची खोली. ती दीड मिनिटात रिकामी झाली. आग लागल्यावर कसं बाहेर पडायचं याची रंगीत तालीमही आमच्याकडे इतकी चोख झाली नव्हती. मुलीची वाडी लांब, बापाला उतरून यायला दुपार होणार. नर्सबाईंनी कार्यवाहांना फोन लावला. किल्ली त्यांच्याकडे होती आणि ते पुण्याला लग्नात होते. "संध्याकाळी येतोच आहे, तोवर बसवा तिला कुठंतरी," ते म्हणाले.

नर्सबाईंनी प्रयोगशाळेतून स्क्रूड्रायव्हर आणला आणि दाराच्या कडीचे चार स्क्रू काढले. कुलूप त्यांनी फोडलं नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कुलूप लागलेलंच होतं. दार तेवढं उघडं होतं. मग पदर खोचून एकटीनं खुर्च्या बाहेर काढल्या, पाहुण्यांचा सोफासुद्धा ओढत व्हरांड्याच्या कडेला आणला, वसतिगृहातून खाट मागवली आणि मुलीला झोपवलं. पुढच्या तीन आठवड्यांत त्या खोलीत अकरा मुली राहून गेल्या. सगळ्या बऱ्या झाल्या. वसतिगृहातल्या बाकीच्या त्रेसष्ट जणींना काही झालं नाही.

सोफा मात्र भिजला.

समितीची तातडीची बैठक बसली. खोली परवानगीशिवाय उघडली, संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान झालं, चौकशी व्हायला हवी. मोजदाद करायला माणूस कोण? अर्थात मी. एक अख्खी सकाळ मी व्हरांड्यात घालवली आणि अहवाल लिहिला: प्लास्टिकच्या खुर्च्या एकशे साठ, सर्व सुस्थितीत. सोफा एक, डावी बाजू ओली. कडी एक, स्क्रू चार. हे स्क्रू नर्सबाईंनी औषधाच्या वाटीत जपून ठेवले होते. "मोजून घ्या, भाऊ," म्हणाल्या, "नायतर एखादा मी गिळला म्हणतील."

त्या अहवालात अकरा मुलींचा आकडा नव्हता. त्रेसष्टचाही नव्हता. मला ते आकडे पाठ होते, पण मला विचारलं होतं खुर्च्यांबद्दल, आणि विचारलं तेवढंच सांगायचं ही आमच्या स्टोअरची शिस्त. मी ती पाळली.

साथ ओसरली. खुर्च्या पुन्हा खोलीत गेल्या. नर्सबाईंचे अकरा महिने भरले. या खेपेला बैठकीत ठराव झाला की परिस्थिती निवळली असल्यानं स्वतंत्र परिचारिकेची आवश्यकता उरलेली नाही. त्यांच्या मोलाच्या सेवेबद्दल संस्था ऋणी आहे. सर्वानुमते. आठ हजर, आठ सह्या. सहावी माझी.

शेवटच्या दिवशी त्यांनी एक दोनशे पानी वही मुख्याध्यापकांच्या हातात दिली. कोणाला दमा, कोणाला फिट येते, कोणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं नावानिशी. मुख्याध्यापकांनी ती आदरानं कपाटात ठेवली. तिथं अशा बऱ्याच गोष्टी आदरानं ठेवलेल्या आहेत. मी फाटकापर्यंत गेलो. स्कूटीत पेट्रोल आहे ना, असं काहीतरी विचारलं. त्यांनी हेल्मेट घातलं, बक्कल लावलं.

"तुमचा अहवाल वाचला मी, भाऊ. एक आकडा चुकला नाय हं तुमचा."

पुढं कळलं, रसायनीच्या एका कारखान्यात त्यांना नोकरी लागली. तिथं माणसं आमच्या मुलांच्या निम्मीसुद्धा नाहीत. नर्स दोन, खोली वेगळी, खाटा दोन. रसायनं बनवणाऱ्यांना जे आपोआप कळलं, ते माणसं घडवणाऱ्यांना इतक्या बैठका घेऊनही कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी शाळेतून मला फोन आला. पाचवीतल्या एका मुलीला श्वास लागला होता, आणि नर्सबाईंचा नंबर माझ्याकडे असेल असं मुख्याध्यापकांना वाटलं. मी कंपनीतूनच दोघांचे फोन जोडून दिले. मुलीचं नाव सांगताच नर्सबाई म्हणाल्या, "तिचा दम्याचा पंप दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात असतो. थोरल्या बहिणीचंबी तसंच होतं. आडवी करू नका, ताठ बसवा. आणि रिक्षा बोलवा, वाट बघत बसू नका." पंप सापडला, मुलगी वेळेत दवाखान्यात पोचली. त्याआधी, फोन ठेवताना, नर्सबाईंनी विचारलं होतं, "आता बसवलीय कुठं तिला?" मुख्याध्यापक म्हणाले, "व्हरांड्यात." खाली, फरशीवर, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला नंतर शिपायानं सांगितलं.

पुढच्या बैठकीत मी आयुष्यात पहिल्यांदा ठराव मांडला: खोली रिकामी करावी आणि नर्स नेमावी. या वेळी अकरा आणि त्रेसष्ट हे दोन्ही आकडे सांगितले. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. कार्यवाह म्हणाले, "भावना समजू शकतो." मग हात वर झाले. एक विरुद्ध सात.

संध्याकाळी मी नर्सबाईंना फोन केला. म्हटलं, ठराव पडला, पण मी मांडला. विरोधात सात होते, बाजूनं मी एकटा. त्या हसल्या. खरंच हसल्या, टोचून नाही.

"एक तर एक. पण हे मत तवा कुठं होतं हो, भाऊ?"

पलीकडून कोणीतरी त्यांना हाक मारली.

"ठेवते," त्या म्हणाल्या. "एक कामगार आलाय, चक्कर येतीय त्याला. आधी त्याला खाटेवर झोपवते."